लासुर्ण्याच्या आजींची पिशवी

गुरुवार, दिवेलागण. बारामती

आज मी काय बोलून बसले! घर पाडायचं ठरलंय हे ऐकून लासुर्ण्याहून एक म्हाताऱ्या बाई दारात आल्या. "मी शिंप्याची थोरली. माजा जल्म हितलाच."

आमच्याआधी इथं कंपाउंडर राहायचे, त्यांच्याआधी एक शिंपी भाडेकरू होते, एवढं सासूबाईंकडून ऐकलेलं. पण माझी नजर त्यांच्या हातातल्या पिशवीवर. भाडेपट्ट्याचे जुने कागद असणार, आता हक्क सांगणार! पाणीही न विचारता मी म्हटलं, "आजी, कागद असतील तर वकिलाला दाखवा."

"कागद न्हाय गं बाई. सासरी निगाले तवा आईनं ह्या उंबऱ्यात माजी वटी भरली हुती. आता आई न्हाय, घरबी ऱ्हायाचं न्हाय. म्हनून घराची वटी भराया आले."

पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढून त्यांनी उंबऱ्यावर ठेवले, डोकं टेकवलं आणि निघाल्या.

मी नुसती उभी. 'बसा' तरी म्हणायचं! घरात खण होता, नारळ होता, कुंकू होतं. मग का नाही हललं माझं पाऊल?

जाताना त्यांनी पिशवीची घडी घालून काखेत धरली होती. माहेराहून निघालेल्या बाईची पिशवी, आणि रिकामी.