फळीचं गणित

मांडवी, रत्नागिरी
१४ नोव्हेंबर १९२७

चि. सदूस आप्पाचे अनेक आशीर्वाद, वि.

तुझा दादा केरू कौलं भरून राजापूरला निघाला, तो मंगळवारी वादळात सापडला. पूर्णगडासमोर त्याचा मचवा शेवटचा दिसला. सहा दिवस झाले.

मे महिन्यात कॉलेजच्या सुट्टीत खळ्यात बसून तू सांगत होतास, की प्रत्येक कणाची आजची जागा आणि वेग कळला तर विश्वाचा उद्या कागदावर मांडता येईल. मी तुला ब्रह्मदेवाचा कारकून म्हणून चिडवलं. आज मी विचारतो. वारा दक्षिणेचा होता, अजून तसाच आहे. केरू कुठे असेल ते मांड. तुझी वहिनी चिमा पत्र संपायची वाट बघत समोर बसली आहे.

तुझा,
आप्पा

मुंबई
१६ नोव्हेंबर १९२७

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

मचवा फुटला असेल तर लाकूड शनिवारी किंवा रविवारी वेळणेश्वरला लागावं. तिथे माणूस ठेवा. आकडे तीनदा तपासले. वहिनींना जपा.

आपला,
सदू

मांडवी
२२ नोव्हेंबर १९२७

चि. सदूस अनेक आशीर्वाद, वि.

रविवारी दुपारी वेळणेश्वरला एक फळी लागली. केरूने कोरलेला मासा तिच्यावर आहे. केरू नाही.

चिमाने फळी धुऊन माजघरात ठेवली. फळीचं बरोबर आलं, तर माणसाचंही येईल म्हणते. भावोजींचं पुढलं गणित कधी येणार, हे दर टपालाला विचारते. देह मिळाला नाही तर बारा वर्षं थांबून दर्भाचा पुतळा जाळायचा, हा आपला रिवाज. ती एकोणीस वर्षांची आहे. आपल्यात विधवेचा पाट लागतो. केरू गेला असं गणितात निघालं, एवढं लिही. तुझं ती ऐकेल.

तुझ्या पत्रावर डोळे लावून,
आप्पा

मुंबई
३ फेब्रुवारी १९२८

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर केला, क्षमा असावी. फळी पोहत नाही, हाक मारत नाही, दुसऱ्याच्या होडीत चढत नाही. म्हणून तिचं बरोबर आलं.

परवा प्राध्यापकांनी एक नवा जर्मन निबंध समजावला. एका कणाचीसुद्धा जागा आणि वेग दोन्ही एकदम नेमके कळत नाहीत. उपकरणं कच्ची म्हणून नव्हे. सृष्टीच तशी आहे. विश्वाचा उद्या कोणालाच पुरता मांडता येणार नाही. खळ्यातलं बोलणं मी मागे घेतो.

तुम्ही मागता ते वाक्य माझ्याने लिहवत नाही. मला ठाऊक नाही, एवढंच वहिनींना वाचून दाखवा.

आपला अपराधी,
सदू

मांडवी
१० नोव्हेंबर १९३९

भावोजींस चिमाचा नमस्कार.

हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. अक्षराला हसू नका.

काल पुतळा जाळला. तुम्ही आला नाहीत, म्हणून मामंजींनीच अग्नी दिला. आता त्यांना धड उभं राहवत नाही. लाकूड कमी पडलं तेव्हा मी ती फळी दिली.

ते नाहीत असं तुम्ही म्हणाला असतात, तर मी रडून उठले असते. ठाऊक नाही म्हणालात. त्यावर मी बारा वर्षं कुंकू लावलं. सकाळी पुसलं.

तुमचं ते पत्र मला तोंडपाठ आहे. माझी जागा तुम्हाला माहीत आहे. वेग काही उरलेला नाही. आता माझा उद्या मांडा.

मामंजींना एकदा भेटून जा.

चिमा