सहा दिल्या, आठ बाकी

१८ नोव्हेंबर २०२४, तेल्हारा

अमरावतीहून अकोटमार्गे सकाळच्या एसटीने तेल्हाऱ्यात आले. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी, खिडकीतून येणारे कोवळे ऊन आणि मांडीवर नियुक्तीचे पत्र. इतका प्रसन्न प्रवास मला आठवत नाही.

किसनरावांच्या औषधदुकानात आजपासून मी नोंदणीकृत औषधनिर्माती आहे. किसनराव साठीचे, अंगाने भरलेले, बोलायला मोकळे. दुकानात पाऊल ठेवताच मी जुन्या औषधांची मुदत तपासू लागले, तेव्हा ते म्हणाले, "चाय तं पिऊन घ्या मॅडम, मंग दुनिया सुधरवा."

दुपारपर्यंत मी माझी पद्धत सुरू केली. गोळ्यांच्या प्रत्येक पुडीवर मी एक सूर्य आणि एक चंद्र काढते, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही सकाळचा आणि संध्याकाळचा डोस कळतो. माझ्या सूर्याला नेमके सात किरण असतात आणि चंद्राच्या पोटात एक ठिपका. दोन वर्षांपूर्वी अमरावतीत प्रशिक्षणार्थी असताना ही खूण मीच शोधून काढली, आणि आजही तिचा मला अभिमान वाटतो.

संध्याकाळी रजियाबी नावाच्या एक बाई रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आल्या. पन्नाशीच्या, विधवा, घरी गोधड्या शिवतात. पुडी हातात घेऊन त्या बराच वेळ पाहत राहिल्या. हे चित्र मीच काढते का, दुसरे कोणी काढत नाही ना, कुठे शिकले, असे त्यांनी एकेक करून विचारले. मी सगळे सांगितले. मग त्यांनी मी राहते कुठे ते विचारले. अजून ठिकाण नाही म्हणताच त्या म्हणाल्या, "माह्या घरी खोली खाली हाय. पोरीची होती."

एका दिवसात नोकरी आणि घर. दोन्ही मिळाले.

२० नोव्हेंबर

आज शेजारच्या मैनाबाई सर्दीसाठी "कडक अँटिबायोटिक" मागत होत्या. मी त्यांना स्टुलावर बसवून समजावले. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. प्रतिजैविके मारतात जिवाणूंना, विषाणूंना नाही. शिवाय ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, दुसऱ्याचे उरलेले घेऊ नये, पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले असेल तर आधी सांगावे. एखादा डोस राहिला तर आठवताच घ्यावा, मात्र पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्यावा. दोन एकदम कधीही नाहीत.

मैनाबाई उठताना म्हणाल्या, "इतकं तं माह्या बापानं लग्नात बी नाई समजावलं." किसनराव हसून हसून खोकले.

साठा अपुरा असला की मी पुडीवर नोंद करते: इतक्या दिल्या, इतक्या बाकी. बाकीच्या आल्या की गिऱ्हाइकाला फोन करायचा. किसनरावांना ही पद्धत आवडली.

२३ नोव्हेंबर

खोली स्वच्छ आहे. पलंग, एक खिडकी, भिंतीवर रजियाबींच्या मुलीचा फोटो. मुलीचे नाव अमरीन. अमरावतीला वसतिगृहात राहून शिकत होती, दोन वर्षांपूर्वी वारली. कशाने, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

रजियाबींसारखी विद्यार्थिनी मला कधी मिळाली नव्हती. रोज जेवताना त्या औषधांविषयी विचारतात. तिसऱ्या दिवशी बरे वाटले तर गोळ्या थांबवायला काय हरकत, असे आज त्यांनी विचारले. मला उत्साह आला. ताटातल्या ज्वारीच्या भाकरीचे तुकडे मांडून दाखवले. दुर्बल जिवाणू आधी मरतात, म्हणून माणसाला बरे वाटते. काही चिवट मागे राहिलेले असू शकतात. डॉक्टर दिवस मोजून देतात ते या मागे राहिलेल्यांसाठी. अर्ध्यात सोडले तर ते पुन्हा वाढू शकतात, आणि मग तेच औषध त्यांना पुरेलच असे नाही.

रजियाबींनी एक तुकडा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "म्हंजे जे अर्धं मरते, ते वापस येते."

इतक्या थोड्या शब्दांत हे मलाही कधी सांगता आले नसते. मग त्यांनी विचारले, हे मला कधीपासून माहीत आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या.

२५ नोव्हेंबर

परवा गोळ्यांची पट्टी कापताना पत्र्याची धारदार कड डाव्या तर्जनीत घुसली होती. काल बोट सुजले, आज पू दिसू लागला. इतरांना उपदेश करणाऱ्याने स्वतः औषध ठरवू नये, म्हणून रीतसर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पू काढला आणि प्रतिजैविक लिहून दिले. सात दिवस, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. एकूण चौदा गोळ्या; सकाळची पहिली तिथेच घेतली.

स्वतःच्या पुडीवरही सूर्य-चंद्र काढले. रजियाबी बघत होत्या. "चौदाच्या चौदा भेटल्या ना तुले?" त्यांनी विचारले. भेटल्या, मी म्हणाले.

२७ नोव्हेंबर

सहावी गोळी घेतली. सूज उतरली, ठणका गेला. नेमका हाच क्षण फसवा असतो. आठ गोळ्या उरल्या आहेत आणि मी आठही घेणार आहे. दुकानात सगळ्यांना माझेच बोट उदाहरण म्हणून दाखवले.

२८ नोव्हेंबर

एक विलक्षण प्रकार नोंदवून ठेवते.

सकाळी आठ वाजता सातवी गोळी काढायला गेले. पट्टीवरचा फुगीर कप्पा रिकामा होता. मागचा पत्रा अखंड, कुठे छिद्र नाही. कारखान्यातील चूक असावी. पण काल रात्री मी पट्टी मोजली होती, आठही कप्प्यांत गोळ्या होत्या. पुढच्या कप्प्यातली काढली, तर ती चिमटीत धरल्या धरल्या नाहीशी झाली. चिमटीत फक्त पांढरी भुकटी.

किसनराव म्हणाले, थंडीनं नजर कमजोर होते मॅडम. दुकानातून नवी पट्टी घेतली.

संध्याकाळी आठ. त्याही पट्टीचा पहिला कप्पा रिकामा. पत्रा अखंड.

बोट पुन्हा ठणकते आहे.

२९ नोव्हेंबर, सकाळ

किसनरावांना समोर बसवले. त्यांच्या डोळ्यांदेखत गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायले. पाणी घशाखाली गेले, गोळी गेली नाही. जिभेवर नव्हती, गालात नव्हती. त्यांनी दुकानाचे शटर अर्धे ओढले. मग म्हणाले, "मॅडम, तुमी अकोल्याले जा. आजच."

बोटापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ चढली आहे. याचा अर्थ मला माहीत आहे. संसर्ग त्वचेखालच्या लसीकावाहिन्यांतून वर सरकतो आहे. हे चांगले नाही.

२९ नोव्हेंबर, दुपार

बॅग भरायला खोलीवर आले. रजियाबी दारात बसल्या होत्या, मांडीवर बिस्किटांचा जुना डबा. त्यांनी त्यातून एक पुडी काढून माझ्यापुढे धरली.

सात किरणांचा सूर्य. पोटात ठिपका असलेला चंद्र. खाली माझे अक्षर: सहा दिल्या, आठ बाकी.

तारीख एप्रिल २०२२ ची.

मला आठवले. आठवत नाही असे मी इथे लिहू शकत नाही. गर्दीची दुपार होती, ईदसाठी गावी निघालेली एक मुलगी. लघवीच्या संसर्गाचे औषध होते. काउंटरवर बाई आहे म्हणून तिला बोलायला धीर आला, असे तिने मला हळूच सांगितले होते. चौदा हव्या होत्या, दुकानात सहाच होत्या. तिची गाडी थोड्या वेळात सुटणार होती. मी म्हणाले, उरलेल्या उद्या घेऊन जा. ती म्हणाली, ताई, उद्या मी तेल्हाऱ्याला असेन. तिथून घेऊ का? मला जेवायला जायचे होते. मी म्हणाले, तीन दिवसांत बरे वाटले तर नाही घेतल्या तरी चालेल.

तिचा नंबर माझ्याकडे होता. आठ गोळ्या महिनाभर माझ्या टेबलाच्या खणात होत्या. मग मी त्या परत रॅकवर ठेवल्या. फोन केला नाही.

रजियाबींचा आवाज चढला नाही. मला वाटत होते चढेल. त्या म्हणाल्या, तीन दिवस पोरगी हसून राह्यली होती, ईद केली. पाचव्या दिवशी ताप. मूत्रपिंडातून रक्तात गेले, अकोल्याच्या डॉक्टरांनी असे सांगितले. शेवटपर्यंत एकच बोलत होती, ताईनं सांगितलं होतं ना चालते म्हणून. "दोन वर्षं मी हरेक दुकानातली पुडी पाहून राहिली बेटा. अमरावती पाह्यली, अकोट पाह्यलं, अकोल्याची जठारपेठ पाह्यली. हे चित्र कुठंच भेटलं नाई. अन् तू खुद चालत आली."

मी विचारले, माझ्या गोळ्या तुम्ही—

"मी? मी तं पट्टीले हात बी नाई लावला." त्यांनी फोटोकडे पाहिले. "तिचा कोर्स अधुरा राह्यला व्हता. पुरा करून राहिली."

३० नोव्हेंबर, अकोला

रुग्णालय. काल संध्याकाळी दाखल झाले. ताप १०३. उजव्या हाताने लिहिते.

मोजणी, म्हणजे मन ताब्यात राहील. २८ ला दोन डोस तिने घेतले. २९ ला दोन. दुसरा डोस इथे दिला, शिरेतून. आज सकाळचा पाचवा. तिचे आठ. उरले तीन.

शिरेतून दिलेले औषध तरी पोचायला हवे. गोळी नाही, थेंब आहेत. पण सकाळी आठला मी बाटलीकडे टक लावून पाहत होते. नळीत थेंब पडत नव्हता. एकही नाही. आणि बाटली रिकामी होत गेली.

सिस्टर म्हणतात, औषध गेलं ना ताई, बाटली पाहा. डॉक्टर म्हणतात, औषध दिलेच नसावे असा ताप आहे. औषध बदलले. वेळ तीच ठेवली, आठ आणि आठ. मी विनवले, वेळ बदला. मला त्यांना कारण सांगता आले नाही.

संध्याकाळ. सहावा गेला. रेघ काखेपर्यंत.

१ डिसेंबर, सकाळ

सातवा.

बाटली संपताना खाटेशेजारच्या रिकाम्या खुर्चीतून कोणीतरी घोट गिळल्याचा आवाज आला. लहानसा. औषध कडू असल्यासारखा.

किडनीचा रिपोर्ट बिघडला आहे. माझ्याही किडनीचा. बोटात सुरू झालेले—

दुपार

रजियाबी आल्या. माझी उशी आणली होती. घड्याळाखाली बसल्या.

मी माफी मागितली. खरी मागितली. मी म्हणाले, मला माहीत होते, सगळे माहीत होते, म्हणूनच माझा गुन्हा मोठा. त्यांनी माझ्या कपाळावरून हात फिरवला. हात गार होता, प्रेमळ होता. तेच सहन झाले नाही.

तिला थांबवा, मी म्हणाले.

"मी काय करू बेटा? देनारी तू, घेनारी ती. मी फकत पुडी सांभाळली." मग घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "आज आठ वाजता तिचे पुरे होते. मंग ती काहून येईन?"

हे खरे आहे. आठच बाकी होत्या. एकही जास्त नाही. आठनंतरचे औषध माझे. मला पोचेल. तेवढे तगायचे. फक्त आठपर्यंत. डॉक्टरांना सांगितले आहे, आठनंतर लगेच आणखी एक डोस द्या. नऊला देतो म्हणाले.

नऊला.

संध्याकाळ, ७.४०

हात काळसर. श्वास लागतो. वीस मिनिटे.

८.००

आठवी बाटली. थेंब नाही. उतरते आहे. अर्धी. पाव.

घोट—

संपली. खुर्ची सरकली. पावले दाराकडे. गेली. खरोखर गेली—

८.३५

तापात अक्षर वाकडे. पण हसू येते. तिचे पूर्ण झाले. आता माझे. नऊला—

९.००

सिस्टर ट्रे ठेवून गेल्या. डॉक्टरांना बोलावते म्हणाल्या. ट्रेमध्ये इंजेक्शन नाही. पुडी आहे.

सात किरण. चंद्र. ठिपका. शाई ओली. वर नाव माझे. अक्षर माझे—मी नाही लिहिले—

सहा दिल्या. आठ बाकी.

खाली आणखी एक ओळ. तीही माझ्याच अक्षरात. उरलेल्या उद्या घेऊन जा. उद्या—

उद्यापर्यंत मी