खाटेवरच्या प्रेताबद्दल खुलासा व्हावा

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

तुम्ही आणि मी, दोघेही भुतांचे जुने चाहते, म्हणून आपलं दुखणंही एकच: तुम्ही ज्या करमणुकीच्या बागेत वायरमन आहात तिथल्या भूतबंगल्यात हल्ली भूत दिसत नाही, नुसता धूर दिसतो. तुमची कंबर कशी आहे? अक्काचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक, फक्त मी गोंधळलो आहे.

तुमचे मॅनेजरसाहेब जुन्या खोल्या पाडून सगळीकडे सिनेमाचे पडदे लावणार, त्यांवर चेटकिणी नाचवणार. मी चाहता मंडळाच्या सभेत टेबलावर मूठ आपटून सांगितलं की भीती हे हातकाम आहे; दोरीने ओढलेला सांगाडा अडखळतो म्हणूनच तो आपल्यातला वाटतो. (टाळ्या पडल्या. मूठ अजून दुखते.) त्यावर शिंपीदादा म्हणाले, "अहो अध्यक्ष, त्या सांगाड्याची दोरी मागून लोंबते. घाबरायचं, की गाठ मारून द्यायची?" दातांच्या डॉक्टरीणबाईंना रक्ताचं काही नाही, पण राक्षसाचे वरचे सुळे खाली बसवलेत याने त्यांची झोप उडाली आहे. शेवटी ठरलं, आत जाऊनच पाहू. मंडळाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: ज्या देखाव्यापाशी माणूस शेजाऱ्याचा दंड धरतो तोच खरा; तोंडी स्तुती आम्ही मोजत नाही.

आत धूर इतका, की भिंत चाचपत आम्ही भलत्याच दाराने शिरलो. मिणमिणता दिवा, गळका नळ, लोंबणाऱ्या वायरी आणि खाटेवर तोंडावर टॉवेल टाकलेलं प्रेत, एक पाय खाली सोडलेला. कोपऱ्यातली धूळसुद्धा कुणीतरी जीव लावून पसरलेली. एवढ्यात प्रेत घोरलं. मी शिंपीदादांचा दंड धरला, बाईंनी माझा. बाहेर बाकावर वाद पेटला. प्रेत घोरतं हे पटत नाही, असं शिंपीदादांचं मत. बाई म्हणाल्या, तो आवाज पडजिभेचा होता, यंत्राच्या बापाला जमायचा नाही. मी तडक मॅनेजरसाहेबांना गाठून हातकामावर भाषण दिलं. ते म्हणाले, "अशी खोली आमच्याकडे आहे?" मी म्हटलं, साहेब, तुम्हाला माहीत नाही, तिथेच सगळं बिघडलं आहे. ते रविवारी दुपारी पाहायला येणार आहेत. त्यांनी कुणाचा दंड धरला तर जुन्या खोल्या राहतील. नाही धरला तर खोल्याही जातील आणि माझं अध्यक्षपदही (पैज मीच लावली, भाषणाच्या भरात).

काल खात्री करायला एकटा गेलो. तेच दार, तोच नळ, पण दिवा लख्ख आणि खाट रिकामी. प्रेत दुरुस्तीला नेलं असेल का? मला काही उमगत नाही.

आपला गोंधळलेला मेहुणा

ता. क. खाटेखाली जेवणाचा डबा होता. त्याच्या झाकणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, अक्का घरातल्या प्रत्येक भांड्यावर काढते तसाच.

आणखी ता. क. मी अक्काला यातलं काही सांगितलं नाही, मॅनेजरसाहेबांनाही नाही. कामाच्या वेळेतल्या झोपेला माझा विरोध नव्हता. आता तर जाहीर पाठिंबा आहे. तेव्हा दाजी, रविवारी दुपारी जेवून त्याच खाटेवर, तोंडावर टॉवेल टाकून, पाय खाली सोडून पडा. टॉवेल मात्र हलू देऊ नका, साहेब तुम्हाला ओळखतात. आणि झोप नाहीच लागली, तरी घोरा.