नळाजवळचा स्टूल

प्रिय अकील,

पाकीट बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर आपलं बोलणं 'जेवलास का' आणि 'हो' एवढ्यात संपतं. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि तीन वेळा फोन लावूनही ती तोंडातून निघाली नाही. म्हणून लिहायला बसलो. आपल्या दोघांचंही उर्दू लिहिणं कच्चं, तेव्हा जानेफळच्या ज्या मराठी शाळेत आधी मी आणि मग तू शिकलास, तिथल्याच मराठीत लिहितो. तू माझ्यापेक्षा जास्त शिकलेला, पण चुका काढत बसू नकोस.

अम्मी गेल्यावर तिचा चाळिसावा करून तू चाकणला परत गेलास, त्याला आता तीन वर्षं होतील. तू का येत नाहीस हे मी विचारत नाही, मला ते थोडंफार माहीत आहे. घरात मी आणि लाकूड. काम येतं, नाही असं नाही. दरवाजे लोक आता लोखंडाचे घेतात, पण पलंग आणि पाळणे अजून माझ्याकडे येतात. लांब फळी कापताना दुसरं टोक अम्मी धरायची. आता तिथे दगड ठेवतो. दगड फळी बरोबर धरतो, फक्त मधूनच चहा घेता का असं विचारत नाही. एका माणसाचं वरण करायला मला अजून जमलेलं नाही, रोज उरतं. खरं सांगायचं तर फार एकटं वाटतं रे.

दिवाळीनंतर शाळेतले धम्मरत्न सर दुकानात आले. शाळेत आता शनिवारी दप्तर न्यायचं नसतं, त्या दिवशी मुलं हाताने काहीतरी करून शिकतात. पहिलीतल्या पोरांचा हात पाण्याच्या नळाला पुरत नाही, म्हणून चौथीची मुलं त्यांच्यासाठी स्टूल करणार होती. सरांना त्यासाठी मी हवा होतो. मी म्हटलं, त्यात काय, संध्याकाळपर्यंत करून देतो. सर हसले. म्हणाले, "चाचा, करून द्यायचा असता तर बाजारातून आणला नसता का? तुम्ही फक्त बसा. पोरांनी विचारलं तरच सांगा." नुसतं बसायचं काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. घरी वाट बघणारं कोणी नाही, म्हणून गेलो.

पहिल्या शनिवारी पोरांनी ठरवलं की पाय दोन वीत उंच हवेत. चौघांनी चार पाय मापले, प्रत्येकाने आपापल्या वितीने. त्यात गजेंद्र म्हणजे चौथीत असून सातवीतला वाटावा असा, त्याचा पंजा केवढा! स्टूल उभा केला तर एका अंगाला झुकलेला. माझा हात आपोआप करवतीकडे गेला, सरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी हात मांडीखाली घालून बसलो. पोरं आधी भांडली, एकमेकांना बेईमान म्हणाली, मग कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि सगळ्यांनी पंजे एकमेकांच्या पंजांना लावून पाहिले. पुढच्या शनिवारी एकच दोरी कापून आणली आणि सगळे पाय तिनेच मापले.

माझ्या पटाशीची धार त्यांनी पार घालवली. एकाने रंधा उलटा धरला. तुला हे वाचून राग येईल, यायलाच हवा. तुला मी माझ्या हत्यारांना हात लावू दिला नाही. पुस्तक धर, माझ्यासारखं भुशात आयुष्य काढू नकोस, एवढंच म्हणत राहिलो. पॉलिटेक्निकलाही तुला माझ्याच हट्टाने घातलं, आणि ते तू सोडलंस तेव्हा मी महिनाभर तुझ्याशी बोललो नाही. आणि आता लोकांच्या पोरांना म्हणत होतो, होऊ दे बेटा, पुन्हा कर.

तिसऱ्या शनिवारी चारही पाय सारखे झाले. मी गुपचूप मापून पाहिले, केसभराचा फरक नव्हता. पोरांनी स्टूल वाजतगाजत नळाजवळ नेला, खाली ठेवला, आणि तो डुगडुगला. सगळ्यांची तोंडं एवढीशी झाली. एक पाय थोडा कापायचा म्हणून गजेंद्रने करवत उचलली. मला उत्तर माहीत होतं. डुगडुगणारा स्टूल सुतार आधी फिरवून बघतो. तोच पाय वर राहिला तर खोट पायात, दुसरा वर आला तर खोट जमिनीत. रंधा धरण्याच्या आधी माझ्या बापाने मला हे शिकवलं होतं. पण सरांनी तोंड बंद ठेवायला सांगितलेलं. तेवढ्यात छकुली नावाची एक मुलगी, जी तीन शनिवार एक शब्द बोलली नव्हती, पुढे आली. तिने आपली रिबीन सोडून वर राहणाऱ्या पायाला बांधली आणि स्टूल फिरवला. रिबीनवाला पाय टेकला, दुसरा वर आला. ती म्हणाली, "थांब बे, कापू नको. स्टूल बरोबर हाय. इथं जमीनच खाली हाय." पाणी वाहून जावं म्हणून नळाजवळ उतार दिलेला आहे. पोरांनी पायाखाली चपटा दगड सरकवला, पहिलीतलं एक पोर वर चढलं आणि स्वतःच्या हाताने नळ सोडून पाणी प्यालं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी वर्गामागे जाऊन रडलो. सरांना वाटलं डोळ्यांत भुसा गेला.

मी का रडलो, ते सांगायलाच हे पत्र आहे. तू नऊ वर्षांचा होतास. मी मेहकरला गेलो असताना तू माझ्या टाकाऊ तुकड्यांतून अम्मीला चुलीपाशी बसायला स्टूल केलास. मी घरात आलो तेव्हा ती त्यावर बसून भाकरी थापत होती आणि तो डुगडुगत होता. ती म्हणाली, "अच्छा बनाया है, रहने दो." मी ऐकलं नाही. तुझ्यासमोर तो फोडला, चुलीत घातला आणि म्हटलं, हे तुझं काम नाही. तू रडला नाहीस, पण त्यानंतर दुकानात कधी पाय ठेवला नाहीस. त्या शनिवारी शाळेतून आलो आणि जिथे चूल होती तिथे तांब्याभर पाणी ओतलं. सगळं पाणी भिंतीकडे वाहत गेलं. जमीन तिथे चांगली दोन बोटं खाली आहे. चाळीस वर्षं मी लोकांचे स्टूल फिरवून बघतोय, अकील. तुझा फिरवून पाहिला नाही. माझं चुकलं, बेटा.

तुझाच,
अब्बा