जीवितास धोका आहे

बाबा, तुमच्यावर राग आहे माझा, तो आधीच सांगून टाकते. तहसील कचेरीसमोर टेबल टाकून तुम्ही जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले. भांडण बांधाचं असो की शेजाऱ्याची बकरी तुरीत शिरल्याचं, शेवटची ओळ ठरलेली: त्याच्यापासून माझ्या जीवितास धोका आहे. मी सातवीत असेन. सुट्टीत तुमच्या शेजारी बसून नकला उतरवते आहे, आणि मध्येच विचारते, बकरीपासून कसला आला धोका? तुम्ही चार लोकांदेखत झापलं, "त्या ओळीबिगर सायेब कागद हाती घेत नाही. लेह मुकाट्यानं." संध्याकाळी घरी जाताना मला गरम भजी घेऊन दिली. मीही शहाणी, भजी खाल्ली आणि ओळ पाठ केली.

तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली. आपल्या धाकट्याचं डोकं बिघडलं ते गेल्या उन्हाळ्यात. आधी म्हणायला लागला, विहिरीत कोणीतरी फवारणीचं औषध कालवलंय. मग शिजवलेलं खाईना, नुसते भिजवलेले चणे. पोळ्याच्या आठवड्यात त्यानं आईला आतल्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलं आणि दोन दिवस दाराशी बसून राहिला. का, तर "मायले मारून टाकतीन ते." दवाखान्याचं नाव काढलं की विळा घेऊन अंगणात उभा. मी सासरहून धावत आले, शेजाऱ्यांच्या मदतीनं आईला बाहेर काढलं आणि अर्ज लिहिला. तुमच्याच वळणाचा, तुमचीच ओळ घालून. ठाण्यातले जमादार वाचून हसले. "बाई, हे तर सगळेच लेहतात. घरचं हाये, घरीच पाहा." दुसरा अर्ज दिला, त्याचंही तेच झालं. अहो, या खेपेला धोका खरा होता! पण तुम्ही आणि तुमच्यासारख्यांनी ती ओळ बकऱ्यांवर इतकी उधळली होती, की माणसाच्या वेळी ती कोणी वाचेना. इतका संताप आला होता मला, की तुमच्या फोटोकडे पाहावंसं वाटेना.

शेवटी कोर्टात मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाई भेटल्या. म्हणाल्या, ही ओळ काढा आणि कोणत्या दिवशी काय झालं तेवढंच लिहा. मग चणे लिहिले, कुलूप लिहिलं, विळा लिहिला. आई शेजारी बसून रडत होती, घरची लाज कागदावर घालू नको म्हणत होती. तरी दोन पानं भरून लिहिलं. मॅजिस्ट्रेटनी दोन्ही पानं वाचली आणि त्याला यवतमाळला दवाखान्यात नेऊन तपासा, असा हुकूम दिला.

गाडी दारात आली तेव्हा तो विळा धरून उभा होता. पोलिसाच्या हातातला कागद पाहून त्यानं मला विचारलं, "ताई, हे कोणं लेहलं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबानं." त्यानं विळा भिंतीशी ठेवला, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसला. तुमचा शब्द त्यानं कधी मोडला होता?

आता गोळ्या चालू आहेत. घरी आलाय, आईच्या हातचं वरण-भात खातो, चार गोष्टी नीट बोलतो. परवा मी गेले होते तर जेवताना म्हणतो, "ताई, बाबा तर तवा नव्हतेच. मंग तो कागद कोणं लेहला?" मी भात आणायच्या निमित्तानं आत गेले.

हे पत्र मी टाकणार तरी कुठे? खरं सांगू, वर बाबा लिहिलंय, पण मी लिहायला बसले होते धाकट्याला. पहिल्याच ओळीला हात अडला, म्हणून पुन्हा तुमचं नाव पुढे केलं.