कचेरीतली एक जागा

१५ नोव्हेंबर १९३१, रविवार

बोलावणं आलं. तेवीस तारखेला, सोमवारी, अकरा वाजता वाशीमला साहेबांसमोर हजर राहायचं. कचेरीत कारकुनाची जागा एक, आणि बोलावले दोघे — मी आणि सेवादास. तो बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, पहिलीपासून माझ्या शेजारी बसलेला. चिठ्ठी वाचून हसला. 'दोघातून एकाले तं भेटनच,' म्हणाला.

गेल्या साली अशीच एक जागा निघाली होती. साहेबांनी बापाचं नाव विचारलं आणि माझी वाचा बसली! मारोतराव. एवढंसं नाव, लहानपणापासून ऐकलेलं, आणि जिभेवर येईना. शेवटी चपराशानं दार दाखवलं. घरी येऊन सांगितलं की जागा आधीच भरली होती. आईनं तेही खरं मानलं.

१७ नोव्हेंबर

सेवादासनं माझी शिकवणी धरली आहे. आमच्या ज्वारीत राखणीचा माळा आहे, त्यावर तो साहेब होऊन बसतो, पाय खाली सोडून. मी खाली ताटांत उभा. तो मधेच गोफण फिरवून पाखरं हाकतो, मधेच मला प्रश्न टाकतो. मी पुटपुटलो की, 'ऐकू नाई आलं, मोठ्यानं बोल.' आज बापाचं नाव इतक्या जोरात सांगितलं की शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावरून बाबांनी ओ दिली. साहेब माळ्यावरून पडता पडता राहिले.

खरं तर त्यानं स्वतःची तयारी करायला हवी. हे मी त्याला म्हणालो नाही.

१९ नोव्हेंबर

पोट बिघडलं. सकाळपासून चार वेळा टमरेल घेऊन गेलो.

२० नोव्हेंबर

सेवादास म्हणतो, 'तू मनात लय शोधत बसतं, म्हनून अडते तुह्यं. शोधू नको. जे तोंडाशी येईन ते बोलून टाक.' उपाय लागू पडतो आहे. आज फक्त एकदा अडलो.

एक धास्ती त्याला बोलून दाखवली. गेल्या सालच्या श्रावणात लोक सरकारी जंगलातलं गवत कायदा मोडून कापत होते, तेव्हा आम्ही दोघं लांबच्या एका रानात गेलो होतो. दोघांच्या हाती विळे, तोंडाला दुपट्टे. गावात घरच्यांनाही सांगितलं नाही. साहेबांनी ते विचारलं तर? तो म्हणाला, 'त्यायले कोन सांगते? तुले माईत हाय अन् मले माईत हाय.'

२३ नोव्हेंबर, सोमवार. वाशीम

झालं! बोललो. नाव, गाव, बापाचं नाव, शिक्षण, सगळं धडाधड. साहेबांनी हस्ताक्षर पाहून मान हलवली. मग म्हणाले, 'बाहेर बसला आहे तो तुमच्या ओळखीचा का? माणूस कसा आहे?'

मी म्हणालो, फार हुशार. फार धीट. जन्मात पहिल्यांदा तोंड चालत होतं, थांबेचना. मित्राची स्तुती करता करता बोलून गेलो — गेल्या साली गवत कापायला तो सगळ्यांच्या पुढे होता.

साहेब 'बरं' म्हणाले. मी बाहेर आलो, सेवादास आत गेला.

तो आला तेव्हा मी विचारलं, कसं झालं? म्हणाला, 'झालं. चाल, भूक लागली.' नंतर त्यानं विचारलं, 'तुले काय इचारलं?' मी म्हणालो, अक्षर पाहिलं.

२५ नोव्हेंबर

परवा लिहिलं ते पुन्हा वाचलं. स्तुती करता करता बोलून गेलो म्हणे! वहीशीही खोटं बोलायला लागलो मी.

'गवत' हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा साहेबांची लेखणी थांबली. मी ते पाहिलं. तिथं गप्प बसता आलं असतं — गप्प बसण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. पण मी पुढे बोललो. कोणतं रान, कोणता वार, तेही सांगितलं. जागा एकच आहे हे मनात होतं. तो कुणाबरोबर होता हे तेवढं गाळलं. एवढं बरोबर सुचलं मला.

आईनं कौतुकानं विचारलं, 'आता भेव नाई ना वाटत तुले?' नाही म्हणालो.

२९ नोव्हेंबर

हुकूम आला. जागा मला. येत्या सात तारखेला रुजू व्हायचं.

आईनं सेवादासला जेवायला बोलावलं. तो आला, माझ्या पाठीत थाप मारली. पुरणपोळी खाताना आईला सांगत होता, 'काकू, माळ्यावर मीच शिकवलं याले.' आई म्हणाली, 'तुह्यंही व्हईन बावा, पुढच्या साली.' तो माझ्याकडे पाहून म्हणाला, 'घे ना लेका, जेवून काहून नाई राह्यला?' मी तूप वाढायला उठलो आणि उगीचच आत उभा राहिलो.

त्याचं नाव आता कुठल्याही कचेरीत चालायचं नाही. मीच ते बुडवलं.

२ डिसेंबर

सगळं सांगून टाकायचं म्हणून तांड्यावर गेलो. तो अंगणात बैलाची वेसण बदलत होता. म्हणाला, 'धर इथं.' मी धरली. काम झालं, पाणी प्यालो, निघून आलो.

इतके दिवस त्यानं मला बोलायला शिकवलं. लाज वाटते.

५ डिसेंबर

आजही सांगायला गेलो नाही.

७ डिसेंबर, सोमवार. वाशीम

रुजू झालो. हेडकारकून उकंडराव पान लावता लावता म्हणाले, 'तुमच्या गावचा तो दुसरा गडी लय येडा निघाला बुवा. साहेबानं त्याले सांगतलं, गवत कापाले गावातून संग कोन होतं त्याचं नाव दे, जागा तुले देतो. दोनदा इचारलं. तो म्हने, एकलाच होतो.'

म्हणजे ते गवताचं कुणी सांगितलं हे त्याला तिथंच, त्या खोलीत कळलं होतं. आमच्याकडे जेवायला आला तेव्हाही माहीत होतं.