हलकं अंग

दहिवली, ५ जानेवारी २०२५

चि. अक्षदास अनेक आशीर्वाद.

वि. वि. शिबिरात फोन काढून घेतात, म्हणून पत्र. माझ्या संशोधनासाठी तुम्हा धावणाऱ्या मुलींच्या चाचण्या घेतल्या, त्यात तुझ्या पायांची ताकद पावसाळ्यापेक्षा बरीच उतरलीय. दमही लवकर लागतोय. सराव वाढला आणि ताकद घटली, हे मला उलगडेना. जेवतेस ना गं? आई म्हणते, पोरीला पोटभर घालतात का नाय ते आधी बघ, मग तुझी यंत्रं लाव.

लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी हर्षलाताई


खोपोली, ८ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र की डॉक्टरची चिठ्ठी? मी ठणठणीत आहे. सर म्हणतात, अंग हलकं तर पाय पळतात, म्हणून रात्री नुसतं ताक पिऊन झोपते. दिवाळीपासून पाळी आली नाय, कटकटच गेली! नडगी तेवढी ठणकते, पण राज्य स्पर्धेत धावणारच. आईला सांगू नकोस, तुला माझी शपथ.

माया पातळ करू नकोस.

अक्षू


दहिवली, ११ जानेवारी

चि. अक्षू,

शपथ मोडली. आईला सांगितलं. तेव्हापासून ती नुसती आत-बाहेर करतेय. मलाही एका जागी बसवत नाही. अगं, खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की शरीर पाळी थांबवतं, हाडंही कमजोर व्हायला लागतात. एक्स-रे काढल्याशिवाय पळू नकोस. येत्या शनिवारी, १८ तारखेला, आम्ही दोघी तुला न्यायला येतोय. भांडायचं ते भेटल्यावर भांड.

जीव तुझ्यातच आहे.

ताई


खोपोली, १५ जानेवारी

ती. ताईस सा. न.

इतका राग आला की पत्र फाडून टाकलं. आज सकाळी घाटाच्या चढावर पळताना नडगीत अशी कळ आली की खालीच बसले. सर ओरडले, नाटकं बंद कर, नाहीतर स्पर्धेतून नाव काढतो. मी सगळ्यांसमोर म्हटलं, काढा; माझी पाळी बंद आहे, पाय दुखतोय, मी पळणार नाय. त्यांनी खरंच काढलं. दिवसभर रडले. याच शर्यतीसाठी तर घर सोडलं होतं.

संध्याकाळी जना जवळ येऊन बसली. डोंगरावरच्या वाडीतली, आमच्यात सगळ्यात वेगवान. स्पर्धेला आता ती एकटीच जाणार. म्हणाली, तिचीही बंद आहे, घरी कुणाला माहीत नाय. तुझं म्हणणं मी तिला सांगितलं. मग तिने हळूच विचारलं, तुझी ताई मला पण डॉक्टरकडे नेईल का गं?

मी रागावलेलीच आहे. पण शनिवारी एकटीला नाय, दोघींना न्यायला या.

तुझीच,
अक्षदा